मदत हवी आहे: ऑगस्टमध्ये टॅम्पाला जायलोत, वादळाची तयारी काय करावी?

नमस्कार मंडळी, आम्ही लातूरचे. लेक-जावई फ्लोरिडात टॅम्पाला असतात, सप्टेंबरात लेकीचं बाळंतपण म्हणून आम्ही दोघांनी ऑगस्टचं तिकीट काढलंय अन् आता शेजारचा पोरगा म्हणायला, काका ऐन चक्रीवादळाच्या सीझनला कुठं निघालात, तवापासून हिची झोप उडाली. बघितलं तर खरंच, सीझन १ जून ते ३० नोव्हेंबर अन् जोर सप्टेंबरातच. २०२४ ला तर हेलीन अन् मिल्टन दोन आठवड्यांच्या आत पाठोपाठ आले.

जावई म्हणतात टेन्शन घेऊ नका, वादळ आलं की बाथटब भरून ठेवायचा. आता पाणी भरून ठेवायचं आम्हाला शिकवायलेत! २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तवा आम्ही चहाचं पातेलं सुद्धा रिकामं ठेवलं नव्हतं. पण घरात पाणी शिरतं म्हणजे काय करायचं हे लातूरच्या माणसाला काय कळणार.

तर विचारायचं असं की लहान लेकरू घेऊन घर सोडायची वेळ आली तर जायचं कुठं, बीपीच्या गोळ्या किती न्याव्यात, अन् लाईट गेली की तिथली शेगडी पण बंद म्हणे, मग खायचं काय? ही धपाटे अन् शेंगाची चटणी न्यायची म्हणायलीय.

उत्तर:
काका, मी मूळ परभणीचा, इथं बरीच वर्षं झाली. वादळाची कॅटेगरी १ ते ५ ही फक्त वाऱ्याच्या जोराची असते, माणसं जास्त मरतात पाण्यानं. म्हणून आधी घराचा इव्हॅक्युएशन झोन बघा, म्हणजे कुठल्या भागानं कधी घर सोडायचं ते, ए झोनला सगळ्यात आधी निघावं लागतं. विम्यावाल्यांचा फ्लड झोन, म्हणजे पुराचा धोका किती ते, वेगळा, दोन्हीत गल्लत करू नका. निघायचं म्हणजे दुसऱ्या राज्यात पळायचं नसतं, झोनच्या बाहेर पक्क्या घरात ओळखीचं कुणी असलं तरी भागतं, ते आत्ताच बोलून ठेवा. टबातलं पाणी संडासाला, प्यायला माणशी दिवसाला पावणेचार लिटर वेगळं. गोळ्या पूर्ण मुक्कामाच्या वर महिनाभराच्या जास्त, चिठ्ठीसकट, अन् हँडबॅगेत. जनरेटर असला तर गॅरेजात अजिबात लावू देऊ नका, धुरानं माणसं जातात. वादळात कळा सुरू झाल्या तर कुठल्या दवाखान्यात जायचं हे लेकीनं डॉक्टरला आताच विचारावं. धपाटे तीन-चार दिवस टिकतील, चटणी मात्र भरपूर आणा, आम्हाला पण द्या!

धागाकर्ता:
लै आभार. रात्रीच फोन लावला, जावयांना झोन विचारला तर म्हणले बघून सांगतो. चार वर्षं झाली तिथं राहून!