लॅपटॉपला फुल डिस्क एन्क्रिप्शन झेपेल का? (बजेट: शून्य)

खर्डेघाशी: सेकंडहँड लॅपटॉप आहे. प्रोसेसर इंटेलचा आय-५, आठवी पिढी, विंडोज ११ होम, आवृत्ती २४एच२. त्यात चार लोकांच्या हिशेबाच्या फायली, आणि तो घेऊन मी सतत प्रवासात. चोरीला गेला तर लॅपटॉपचं दुःख नाही, फायलींचं आहे. अख्खी डिस्क एन्क्रिप्ट करायची आहे, म्हणजे किल्लीशिवाय कुणाला वाचताच येऊ नये, पण हार्डवेअर त्या लायकीचं आहे का हे बघायचं कुठे? नवीन काही घ्यायचं नाही. पुन्हा सांगते, काहीही नाही.

सुसाट: नवीन घ्या. माझा गेल्या महिन्यात आला तोच एन्क्रिप्शन चालू होऊन. मला काही बघावंच लागलं नाही.

खर्डेघाशी: बजेट वाचलंत का?

सुसाट: वाचलं. जुन्यावर वेळ घालवणं हाही खर्चच.

पोळलेला_अण्णा: या भानगडीत पडू नका ताई. माझा मदरबोर्ड दुरुस्तीत बदलला. चालू केला तर निळा पडदा, म्हणे ४८ आकडी रिकव्हरी की, म्हणजे डिस्क उघडायची किल्ली, टाका. कसली की? मी एन्क्रिप्शन चालू केलंच नव्हतं! सहा वर्षांचे फोटो गेले.

तळटीप: अण्णा, ती की बहुतेक मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. बघितलंत?

पोळलेला_अण्णा: विकणाऱ्याने स्वतःच्याच ईमेलने सुरू करून दिला होता. आता तो ओळखही दाखवत नाही.

तळटीप: अरेरे. असो. ताई, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. टीपीएम नावाची सुरक्षा चिप लागते ती डिस्क उघडायची किल्ली सांभाळायला. एईएस ही एन्क्रिप्शनची पद्धत; तिच्यासाठीच्या प्रोसेसरमधल्या खास सूचना लागतात त्या वेगासाठी. इंटेलने त्या २०१० मध्ये आणल्या. त्या काळच्या बऱ्याच आय-३ मध्ये नव्हत्या, पण तुमच्या आठव्या पिढीत नक्की आहेत. म्हणजे वेगाची काळजी मिटली. राहिला टीपीएम. स्टार्टमध्ये ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ शोधा, उजवं क्लिक करून ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. यादीत तळाशी ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन सपोर्ट’ची ओळ दिसेल. साधं उघडलंत तर तिथे ‘परवानगी हवी’ एवढंच येतं आणि माणूस समजतो आपल्याकडे सोय नाही.

सुसाट: तेच सांगत होतो, टीपीएम हवा.

तळटीप: कधी सांगितलंत?

पेंग्विन_पाळणारा: विंडोजऐवजी लिनक्स टाका, त्यातली डिस्क एन्क्रिप्शनची सोय ‘लक्स’ वापरा, टीपीएम नसला तरी अडत नाही. ‘क्रिप्टसेटअप बेंचमार्क’ ही आज्ञा चालवली की एईएसचा वेग समोर.

शंकासुर: माझी एसएसडी डिस्क स्वतःच एन्क्रिप्ट करते, खोक्यावर लिहिलंय. मग हे सगळं कशाला?

तळटीप: खोक्यावर विसंबू नका. २०१८ मध्ये नेदरलँड्समधल्या रॅडबाउड विद्यापीठाच्या संशोधकांना काही नावाजलेल्या एसएसडींचं एन्क्रिप्शन पासवर्डशिवाय उघडता आलं होतं. पुढे विंडोजमधल्या बिटलॉकर या एन्क्रिप्शननेही डिस्कच्या भरवशावर राहणं सोडलं.

खर्डेघाशी: बघितलं. ‘टीपीएम वापरण्याजोगा नाही’ असं लिहून आलंय. संपलं का?

तळटीप: नाही. बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) जा, सिक्युरिटीखाली ‘पीटीटी’ असेल. इंटेलचा टीपीएम बऱ्याचदा त्याच नावाने लपलेला असतो. एएमडीवाल्यांकडे ‘एफटीपीएम’. आधीच्या मालकाने बंद ठेवला असेल.

पोळलेला_अण्णा: बायॉसला हात लावलात तर रिकव्हरी की मागेल बघा.

तळटीप: डिस्क अजून एन्क्रिप्ट झालेलीच नाही अण्णा, मागेल कशाची? पुढे बायॉस अपडेट करताना मात्र बिटलॉकर आधी तात्पुरता थांबवावा, एवढं अण्णांचं खरं.

खर्डेघाशी: पीटीटी बंदच होता! चालू केला, आता ‘अटी पूर्ण’ दाखवतोय. पण होम आवृत्तीत नेहमीच्या मार्गाने गेलं की किल्ली खात्यात जाते, आणि विंडोज सुरू होण्याआधी पासवर्ड मागण्याची सोय नाही. मला ती हवी आहे. त्यासाठी व्हेराक्रिप्ट हे फुकटचं एन्क्रिप्शन सॉफ्टवेअर घालते.

तळटीप: मग टीपीएमची एवढी शोधाशोध कशाला केली? व्हेराक्रिप्टला तो लागतच नाही.

शंकासुर: ते २०१४ मध्ये बंद पडलं ना?

पेंग्विन_पाळणारा: ते ट्रूक्रिप्ट. हे त्याच्यावरून पुढे निघालेलं. ताई, रेस्क्यू डिस्क (बिघाड झाला तर कामी येणारी) पेनड्राइव्हवर ठेवा, आणि तो पेनड्राइव्ह लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका.

खर्डेघाशी: ठेवला होता. आत्ता काढला.

सुसाट: पेनड्राइव्ह घ्यायचा तर माझ्याकडचा चांगला आहे, नाव सांगू?