अनुभव धागा: वृत्तवाहिनीकडे कधी तक्रार केली आहे का?

कणीदार:
परवा रात्री घाटातल्या बस अपघाताची बातमी पाहताना पडद्याच्या तळाशी मृतांच्या नावांची पट्टी सरकू लागली आणि परातीतली कणीक तशीच राहिली. काही वर्षांपूर्वी अशाच एका पट्टीवर माझ्या मावसभावाचे नाव आले होते. पोलिसांचा फोन येण्याआधी, सकाळी सव्वासातला, चहा गाळताना मावशीने ते वाचले. नावात एक अक्षर चुकले होते, त्यामुळे पुढचा पाऊण तास ती फोन करणाऱ्या प्रत्येकाला "हा आपला नव्हे" असेच सांगत राहिली.

तेरावे झाल्यावर मी त्या वाहिनीला पत्र लिहिले. बातमी दिल्याबद्दल आमची तक्रार नव्हती. घरच्यांना कळले आहे की नाही याची खात्री न करता नावे दाखवण्याची घाई कोणासाठी होती, एवढेच विचारले होते. तीन आठवड्यांनी उत्तर आले की नावे "रुग्णालयातील सूत्रांकडून" मिळाली होती आणि ती सर्वप्रथम त्याच वाहिनीने दाखवली होती. "सर्वप्रथम" हा शब्द ठळक अक्षरांत होता. ते पत्र मी अजून जपून ठेवले आहे.

काय दाखवले किंवा काय दाखवले नाही याबद्दल तुमच्यापैकी कोणी तक्रार केली असेल, तर पुढे काय झाले ते अवश्य लिहावे.

कृष्णाकाठचा:
आमचा अनुभव इतका दुःखद नाही. जुलै २०२१ च्या पुरात सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाण्याने ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली होती, पण आमची गल्ली अजून कोरडी होती. तरीही एका वाहिनीवर आमचीच गल्ली गळ्याएवढ्या पाण्यात दिसत होती. दृश्य २०१९ चे होते. कशावरून, तर शेजारच्या अण्णांचे निळ्या ताडपत्रीचे शेड त्यात उभे होते आणि ते शेड २०१९ च्याच पुरात वाहून गेले होते. नागपूरची बहीण फोनवर रडत होती आणि मी तिला शेडचा इतिहास सांगत बसलो होतो.

वाहिनीच्या क्रमांकावर तक्रार नोंदवली की जुनी दृश्ये असतील तर तसे पडद्यावर लिहावे. ती तक्रार कुठून कशी फिरली कोण जाणे, पूर ओसरल्यावर केबलवाला मुलगा दारात आला आणि "चित्र जुनं दिसतंय अशी तक्रार आहे" असे म्हणून वायर बदलून गेला.

पोळपाट:
कृष्णाकाठचे दादा, निदान चित्र तरी स्वच्छ दिसू लागले असेल.

नियमपाळ:
ताई, मावशींबद्दल वाचून गलबलून आले. तक्रारीच्या वाटेबद्दल थोडे लिहितो, कारण मी स्वतः मुदत चुकवून बसलो होतो. वृत्तवाहिन्यांच्या संघटनेने २००८ मध्ये स्वनियमनासाठी एक प्राधिकरण नेमले आणि माजी सरन्यायाधीश जे. एस. वर्मा त्याचे पहिले अध्यक्ष झाले. त्याच्या नियमांप्रमाणे आधी वाहिनीकडेच, आणि तेही प्रसारणापासून सात दिवसांत, तक्रार करावी लागे. मी नवव्या दिवशी केली. जून २०२१ मध्ये केबल नियमांत दुरुस्ती झाली, तेव्हापासून वाहिनीने २४ तासांत पोच द्यावी आणि १५ दिवसांत निर्णय कळवावा, असे लेखी आहे. समाधान झाले नाही तर स्वनियमन संस्था आणि तिच्यावर केंद्राची आंतरविभागीय समिती अशा आणखी दोन पायऱ्या आहेत.

दंडाचे मात्र विचारू नका. त्या प्राधिकरणाची कमाल मर्यादा एक लाख रुपये होती आणि ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच एवढ्या रकमेचा धाक कोणाला वाटेल, असे विचारले.

माजी डेस्ककर:
मी सहा वर्षे एका वृत्तवाहिनीत असाइनमेंट डेस्कवर, म्हणजे बातमीदारांना कामे वाटणाऱ्या टेबलावर होतो, त्यामुळे तक्रारी घेणारा तो माणूस मीच, असे समजा. "तुम्ही नेहमी असेच दाखवता" अशा फोनला आम्ही "हो काका" म्हणत असू आणि दुसरा फोन उचलत असू. तारीख, वेळ, पट्टीवरचे नेमके शब्द आणि मोबाइलवर काढलेला पडद्याचा फोटो असे लेखी आले, की कागद विधी विभागाकडे जाई आणि त्या दिवशीचा बुलेटिन प्रोड्युसर जेवायला उशिरा जाई. ताई, नावांच्या पट्टीबाबत मीही निर्दोष नाही. समोरच्या वाहिनीने नावे लावली की आमच्याकडे ती थांबवण्याची हिंमत कोणी करत नसे.

पर्लकोटा:
आमचे गाऱ्हाणे उलटे आहे, आम्ही दाखवलेच जात नाही. मुंबईत हिंदमाताला गुडघाभर पाणी साचले की थेट प्रक्षेपणाची ओबी व्हॅन दिवसभर तिथे उभी असते. इकडे गडचिरोलीत पर्लकोटा नदीला पूर येऊन भामरागडचा संपर्क तुटला, की पट्टीवर एक ओळ येते आणि तीही शेअर बाजाराच्या आकड्यांमागून. मी फोन करून विचारले, तेव्हा "तिथून दृश्ये आली नाहीत" असे सांगण्यात आले. दृश्ये येणार कशी, पुरात वीज जाते आणि पाठोपाठ टॉवरही बंद पडतो. चौथ्या दिवशी रेंज आल्यावर मी स्वतः काढलेला व्हिडिओ पाठवला, पुलाच्या कठड्यावरून वाहणारे पाणी त्यात स्पष्ट होते. तिकडचे गृहस्थ सौजन्याने म्हणाले, "पण आता ओसरलंय ना?"

माजी डेस्ककर:
पर्लकोटा, हे उत्तर मीही अनेकांना दिले आहे. क्षमा असावी.

टेम्सपार:
मी इंग्लंडमध्ये राहते. इथे ९ एप्रिल २०२१ रोजी प्रिन्स फिलिप वारले, तेव्हा बीबीसीने नेहमीचे कार्यक्रम बाजूला सारून दोन्ही मुख्य वाहिन्यांवर तेच दाखवले. पाककृती स्पर्धेची अंतिम फेरीही पुढे ढकलली गेल्याने माझ्या शेजारच्या आजोबांचा पारा चढला होता. तक्रारी इतक्या येऊ लागल्या की बीबीसीने त्यांच्यासाठी संकेतस्थळावर खास अर्ज ठेवला. एकूण आकडा १,०९,७४१ झाला आणि तो बीबीसीनेच जाहीर केला. तक्रार करणे इतके सोपे का केले, अशीही काहींनी तक्रार केली!

कणीदार:
टेम्सपार, हे मावशीला वाचून दाखवले तेव्हा ती हसली. डेस्ककर दादा, त्या सकाळचा पट्टीचा फोटो आमच्याकडे नाही. तेव्हा कोणाला सुचणार होते?

माजी डेस्ककर:
नाहीच सुचणार, ताई. वाहिनीला ९० दिवसांचे प्रसारण जपून ठेवावे लागते, त्यामुळे पत्रात वेळ नोंदवली की पट्टी त्यांनाच शोधावी लागते. तुम्ही सव्वासात असे लिहिले होते ना?

कणीदार:
लिहिले होते. सात वाजून सोळा मिनिटे.