मागच्या गल्लीतली आग: सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा

ए-२०१: काल रात्री विश्रामबागला मागच्या गल्लीत बंगल्याला आग लागली तेव्हा मी तिथंच होतो. घरातले सगळे सुखरूप आहेत, आजींना तेवढं दवाखान्यात ठेवलंय. पण एक गोष्ट मनातून जाईना. वर खोली पेटलीय आणि अग्निशमनच्या गाडीतून उतरलेले साहेब पाणी मारायचं सोडून घराभोवती चक्कर मारतायत, गॅसची टाकी कुठाय, मीटर कुठाय विचारतायत.

सी-१०४: होय ओ. आम्ही पोरांनी बांबूनं वरच्या खिडकीच्या काचा फोडल्या, धूर तरी बाहेर जाईल म्हणून. तर आमच्यावरच ओरडले.

बी-५०१: पाणी पण आधी बाहेरनंच मारलं, ते पण थोडं. आजी आत होत्या, सरळ आत शिरायला नको होतं का?

ए-१०३ (फायरमन काका): माझी सगळी नोकरी अग्निशमन दलात झाली, म्हणून सविस्तर लिहितो. काल त्या अधिकाऱ्यानं केलं ते बरोबर केलं. घराभोवतीची चक्कर हे पहिलं काम असतं. समोरनं एकच खोली पेटलेली दिसते आणि मागच्या बाजूनं आग स्वयंपाकघरात पोचलेली असते. धूर कुठल्या खिडकीतून जोरात येतोय, जिना कुठं आहे, माणूस कुठल्या खोलीत आहे, हे न बघता जवान आत घातला तर नंतर त्यालाच शोधावं लागतं. मीटर विचारला कारण चालू लाईनवर पाणी मारायचं नसतं. टाकी विचारली कारण आगीत तापलेली टाकी फुटली तर आतबाहेर कुणीच वाचत नाही. आणि या सगळ्याला वेळ लागत नाही. गाडीवरचे बाकीचे जवान तेवढ्यात होज पसरून पंप चालू करत असतात.

आता काचांचं. बंद खोलीतली आग आतली हवा संपली की दबते. बाहेरून वाटतं, विझत आली. पण आतला धूर भयंकर तापलेला असतो आणि तो धूर म्हणजे अर्धवट जळलेले वायू, म्हणजे इंधनच. काच फुटली की त्याला हवा मिळते. छताजवळचं तापमान ५०० ते ६०० अंश सेल्सिअसच्या घरात गेलं की गादी, पडदे, कपाट सगळं एकदम पेट घेतं. याला फ्लॅशओव्हर म्हणतात. त्यात पूर्ण पोशाख घातलेला जवान सुद्धा टिकत नाही. पोरं धावून गेली याचं मला कौतुकच आहे, पण काच फोडायची ती जवानांनी, नळीत पाणी आल्यावर, आणि ठरवून त्याच खिडकीची.

डी-३०३: मी गच्चीवरनं बघत होते. काच फुटल्यावर ज्वाळा एकदम वरच्या छज्ज्यापर्यंत गेल्या. त्याआधी नुसता धूर होता.

बी-५०१: मग बाहेरनं पाणी का?

ए-१०३ (फायरमन काका): आम्हाला सुरुवातीला शिकवलं होतं की बाहेरून पाणी मारलं तर आग घरात आत ढकलली जाते. पुढं अमेरिकेत यूएल (सुरक्षेच्या चाचण्या करणारी) आणि एनआयएसटी (सरकारी मानकं ठरवणारी) या संस्थांनी खऱ्या घरांत उपकरणं लावून आगी लावल्या आणि मोजलं. सरळ धार खिडकीतून छताला मारली तर आग आत ढकलली जात नाही, उलट सगळ्या घराचं तापमान उतरतं. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे १७०० पट जागा घेते, आणि वाफ होताना उष्णता ओढून घेते. म्हणून थोडं पाणी पुरतं. फक्त फवारा करायचा नाही आणि धार गरगर फिरवायची नाही, नाहीतर गरम वायू बाहेर पडायची वाटच बंद होते. काही सेकंद बाहेरून मारून जोर मोडायचा आणि लगेच आत शिरायचं. काल तसंच झालं. बाहेरून मारणं आणि आजींना काढणं ही दोन वेगळी कामं नव्हती.

ए-२०१: आजी शेजारच्याच खोलीत होत्या. त्या कशा वाचल्या याचं सगळ्यांना आश्चर्य वाटतंय.

ए-१०३ (फायरमन काका): त्यांच्या खोलीचं दार लावलेलं होतं. एवढंच कारण. साधं लाकडी दार लावलेलं असलं तरी पलीकडच्या खोलीत श्वास घेण्याजोगी हवा बराच वेळ राहते. उघड्या दाराच्या खोलीत राहत नाही. रात्री झोपताना दार लावून झोपा, मुलांच्या खोलीचंही. आग दिसल्यावर बाहेर पडताना पेटलेल्या खोलीचं दार ओढून घ्या. सगळ्या चर्चेतनं हे एक घरी पाळलंत तरी मला समाधान वाटेल. आपल्या घरातलं फर्निचर आता जुन्या सागवानी पलंगासारखं राहिलेलं नाही. फोमचा सोफा, फोमची गादी, सिंथेटिक पडदे. यूएलच्याच प्रयोगात जुन्या पद्धतीच्या सामानाची खोली पूर्ण पेटायला जवळपास अर्धा तास लागला, नव्या सामानाची ५ मिनिटांच्या आत पेटली. गाडी कितीही लवकर निघाली तरी १०० फुटी रस्त्यावरच्या संध्याकाळच्या गर्दीतून एवढ्यात येणं अवघड आहे.

सी-६०२: काका, नाकाला ओला रुमाल लावला तर चालतो ना?

ए-१०३ (फायरमन काका): काजळी थोडी अडते, कार्बन मोनॉक्साइड अडत नाही. त्याला वास नाही, रंग नाही. फोम जळला की सायनाइडचा वायूही निघतो. रुमालाच्या भरवशावर धुरात चालत जाऊ नका ताई. जायचंच तर खाली वाकून, गुडघ्यावर.

सी-६०२: आम्ही सहाव्या मजल्यावर. खाली आग लागली आणि जिन्यात धूर भरला तर?

ए-१०३ (फायरमन काका): दार उघडण्याआधी उलट्या हातानं चाचपा. गरम लागलं किंवा फटीतून धूर येत असेल तर उघडू नका. जिना धुरानं भरला असेल तर वर-खाली कुठंच जायचं नाही. घरातच थांबा, दाराच्या फटीला ओले टॉवेल लावा, बाल्कनीत उभं राहा. १०१ किंवा ११२ ला फोन करून विंग, मजला, किती माणसं आहेत ते सांगा. लिफ्ट अजिबात नको, लाईट कधीही तोडतात.

डी-३०३: आणि कढईतल्या तेलानं पेट घेतला तर? माझ्या बहिणीकडं झालं होतं असं.

ए-१०३ (फायरमन काका): गॅस बंद, वर ताट झाकायचं, थंड होईपर्यंत उचलायचं नाही. पाणी टाकलं तर पेटतं तेल अंगावर उडतं.

सचिव (बी-३०२): जिन्यातल्या लाल सिलिंडरबद्दल पण सांगा काका. लोकांना वाटतं ते असलं की झालं.

ए-१०३ (फायरमन काका): ६ किलोचा पावडरचा सिलिंडर १५-२० सेकंदांत संपतो. कचऱ्याचा डबा, मीटरबोर्ड, एवढ्या आगीसाठी तो आहे. बाहेर पडायचं दार आपल्या पाठीशी पाहिजे. खोली पेटली असेल तर त्याच्या नादी लागू नका. सिलिंडरवरचा दाबाचा काटा हिरव्यात आहे का ते दर महिन्याला बघितलं पाहिजे. आणि सचिवसाहेब, महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानं परवानाधारक एजन्सीचा फॉर्म बी, म्हणजे आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला, जानेवारी आणि जुलै असा वर्षातून दोनदा द्यावा लागतो. तो कागद येताना पंप खरंच चालू करून, सहाव्या मजल्यावरच्या नळीत पाणी बघून घ्या. सही करण्याआधी मला बोलवा, मी येतो.

सचिव (बी-३०२): नक्की. रविवारी सकाळी ९ ला पंप चालवू. गेटसमोर दोन्ही बाजूंच्या गाड्या पण काढायला सांगणार आहे, बंब आत वळला पाहिजे.

ए-१०३ (फायरमन काका): अजून एक, आणि हे मला सगळ्यात जास्त टोचतं. आपल्या प्रत्येक बाल्कनीला बंद बॉक्स ग्रिल आहे. जवानानं शिडी लावली तरी माणूस बाहेर काढता येत नाही, कटरनं ग्रिल कापावं लागतं.

बी-५०१: पण काका, ग्रिल काढलं तर चोरीचं काय? आमच्या ड्राय बाल्कनीत दोनदा प्रयत्न झालाय.

ए-१०३ (फायरमन काका): काढू नका. त्यातच माणूस सहज बाहेर येईल एवढं दार करून घ्या. कुलूप आतून. किल्ली जवळच खिळ्याला, बाहेरून हात पोचणार नाही अशा जागी, आणि घरातल्या लहानांनाही ती माहीत पाहिजे.

सचिव (बी-३०२): फॅब्रिकेटरला रविवारीच बोलावतो. सगळ्यांचं एकदम केलं तर दरात बसेल. ज्यांना ग्रिलला दार करायचंय त्यांनी फ्लॅट नंबर टाका.

सी-६०२: सी-६०२, दोन्ही बाल्कन्या.

डी-३०३: डी-३०३

बी-५०१: बी-५०१. ड्राय बाल्कनी सोडून, तिथं आधी काकांनी बघून सांगावं.