जिमची फी मध्येच कमी करून घेतलाय काय कोण?

टिळकवाडीचा_पैलवान
काल बेळगावात गणपत गल्लीत भाजी घेत उभारलोय तर मागनं हाक, "काय ओ सर, यायचंच सोडलासा!" बघतो तर जुन्या जिमचा मॅनेजर. ह्याच माणसासमोर बसून मी फी कमी करून घेतलेलो, सगळं आठवलं बघा. वर्षाचे पैसे तीन हप्त्यांत द्यायचे ठरलेले. पहिला दिलो, दुसरा द्यायची वेळ येईपर्यंत स्टीम बाथ बंद, एसी बंद, ट्रेनर गोव्याला पळालेला, आणि रस्त्यापलीकडं निम्म्या रेटात नवीन जिम उघडलेलं. भांडलो नाही. दुपारचं रिकामं असतंय तेव्हा गेलो, सही केलेला कागद पुढं ठेवलो आणि म्हटलो, ह्यात स्टीम लिहिलाय, एसी लिहिलाय, मिळत कायच नाही, मग उरलेले हप्ते तेवढेच कसे ओ? आधी "तशी पॉलिसी नाही सर". मग मालकाला फोन लावला, मी पण फोन मागून घेऊन कानडीत "स्वल्प कडिमी माड्री अण्णा" (थोडं कमी करा अण्णा) केलो. शेवटी तिसरा हप्ता निम्मा केला आणि वर दोन महिने वाढवून दिला. दिलेले पैसे परत मागितलं की ही माणसं दगड होतात, अजून न दिलेला हप्ता कमी करा म्हटलं की बोलायला बसतात, हे माझं मत. तुमचं काय झालं लिहा, "नाही" म्हणाले ते पण लिहा.

अनगोळची_काकू
आमचं लॉकडाऊनचं. फेब्रुवारी २०२० ला वर्षाचे पूर्ण भरले आणि मार्चात कुलूप!! ५ ऑगस्टपासून जिम उघडायला परवानगी मिळाली तर जिमवाला म्हणतो वर्ष फेब्रुवारीलाच संपणार, बंद होतं त्यात आमचा काय दोष. मग आमच्या लेडीज बॅचच्या सगळ्याजणी एकदमच गेलो, एकेकटीला कुणी विचारत नाही हो. बंद होते तेवढे महिने पुढं वाढवून दिले. पैसे मात्र एक रुपया परत नाही, तुम्ही म्हणताय ते खरंच आहे, हातात पडलेलं सोडत नाहीत. थांबा कुकरची शिट्टी झाली

शहापूर_हिशेबनीस
एक मुद्दा कोणी काढत नाही म्हणून लिहितो. २२ सप्टेंबर २०२५ पासून जिमवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्के झालाय. तुमचं बिल आणि पैसे दोन्ही त्याच्या आधी झाले असतील तर जुनाच दर लागतो, तिथं वाद घालू नका. पण पुढच्या महिन्यांचा हप्ता त्या तारखेनंतर भरताय, तर बिल आधीचं असलं तरी ५ टक्केच. ४००० च्या हप्त्यावर ४७२० च्या जागी ४२०० होतात, म्हणजे ५२० रुपये वाचले, नुसतं बोलून. एका क्लायंटनं हे दाखवल्यावर मॅनेजरनं "सिस्टीममध्ये अपडेट नाही" म्हणून वेळ काढला पण शेवटी दिले. आता दुसरी बाजू. ५ टक्क्यांत जिमवाल्याला मशीन, भाडं ह्यावर भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट मिळत नाही, त्यामुळं काहीजण मूळ फीच वाढवतात. चालू कॉन्ट्रॅक्टमध्ये वाढवू देऊ नका. आणि बिलावर जीएसटी नंबर आहे काय बघा आधी. वर्षाला २० लाखांच्या आतला धंदा असेल तर नोंदणी लागत नाही, आणि नंबरच नाही तर टॅक्स कसला घेतोय विचारा.

वडगाव_तालीम
आमचे आप्पा म्हणतात तालमीत माती उकरायला कोण पैसे घेत नव्हतं, तुम्ही लोखंड उचलायला पैसे देऊन परत त्यात घासाघीस करताय 😂

टिळकवाडीचा_पैलवान
@वडगाव आप्पांना सांगा, तालमीत एसी बंद पडत नव्हता

निपाणीकर
माझा अनुभव वाईट. काउंटरवरच्या पोरीनं "नो कॉस्ट ईएमआय आहे सर, फक्त ओटीपी सांगा" म्हणून सही घेतली. तीन महिन्यांनी पुण्याला बदली झाली, फी कमी करा किंवा बंद करा म्हणायला गेलो तर म्हणतात, आमच्याकडं तुमचं काही येणंच नाही सर. म्हणजे फायनान्सवाल्यानं पूर्ण रक्कम जिमला आधीच दिलेली, मी फेडत होतो ते लोन. जिम सोडलं तरी हप्ता कापतोच, आणि थांबवला तर सिबिल खराब. शेवटी मेंबरशिप मेव्हण्याच्या नावावर करून घेतली, त्याला पण ट्रान्सफर चार्ज लावला. मेव्हणा गेला चार दिवस, आता त्याची जिमची बॅग आमच्याच घरात पडलीय. त्यामुळं वरचा हप्त्याचा नियम ईएमआयला लागू नाही, ध्यानात ठेवा मंडळी.

खानापूरची_लेक
मी खानापूरहून बेळगावला यायची जिमला, हसू नका, कर्नाटकच्या शक्ती योजनेत बायकांना सरकारी बस फुकट 😄 घरचे म्हणायचे बस फुकट म्हणून वजन कमी करायला निघालीस. जुलैत पाऊस एवढा की आठवडाभर घराबाहेर पाऊल नाही. मेंबरशिप तेवढे दिवस फ्रीझ करा, म्हणजे थांबवा म्हटलं तर फ्रीझ फक्त मेडिकलवर. मग फॅमिली डॉक्टरांकडून पाठदुखीचं लिहून आणलं, पाठ खरंच दुखत होती हं बसमध्ये उभी राहून

अनगोळची_काकू
@लेक उभी राहून?? फुकट झाल्यापासून जागा मिळते कुठं, माझी नणंद तर नेसरीला माहेरी जायचं म्हणून

हिंडलगा_७१
विषयावर या की ओ. माझ्या जिममध्ये मशीन तुटलेलं, महिनोन्महिने दुरुस्ती नाही, फी कमी करायला साफ नकार. पावतीवर "नो रिफंड" छापलंय म्हणून दाखवला. मी १९१५ ला फोन करून तक्रार नोंदवलो, ग्राहकांची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे ती. चार दिवसांत मॅनेजरचा फोन, "सर इतकं कशाला". पुढं जिल्हा ग्राहक आयोगात जायचं तर पाच लाखांपर्यंत फी पण नाही. मी गेलो नाही, तेवढ्यात मिटलं, उरलेल्या महिन्यांचे निम्मे सोडला. पण अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या, तोंडी बोललेलं दुसऱ्या दिवशी कोणाला आठवत नाही.

ट्रेनर_भाऊ
मी काउंटरच्या आतल्या बाजूचा माणूस, शिव्या घालू नका. जानेवारीत मेंबर उतू जातात, गणपतीत काळं कुत्रं नसतंय, भाडं आणि लाइट बिल मात्र बारा महिने. तरी कमी करतो आम्ही. पण गर्दीत, चार मेंबरांसमोर मागितलात तर मॅनेजर मेला तरी हो म्हणणार नाही, उद्या सगळेच मागणार की. महिनाअखेरीला या, टार्गेट पुरं व्हायचं असतं तेव्हा. "पुढचं वर्ष पण इथंच करतो, आत्ताचा हप्ता बघा" म्हटलं की मॅनेजरच्या हातात असतं तेवढं तो करतो. आणि ट्रेनरला विचारू नका, आमचा पगारच वेळेवर नसतोय.

अनगोळची_काकू
ट्रेनर भाऊ, अनगोळात सकाळची लेडीज बॅच कुठं चांगली? सध्या वॅक्सिन डेपोच्या मैदानात चालायला जाते पण पावसात निसरडं होतंय

ट्रेनर_भाऊ
इनबॉक्स करतो काकू. वर्षाचे एकदम भरू नका तेवढं.

वडगाव_तालीम
आप्पा विचारतायत तिथं चहा मिळतो काय