मदत हवी आहे: आजोबांची जुनी डायना 27 छऱ्याची बंदूक

नमस्कार मंडळी. खानापूरच्या आमच्या घरी माळ्यावर आजोबांची डायना 27, .177 बोअरची (नळीचं भोक .177 इंचाचं), सापडली. नळी मोडून भरायची, जर्मन बनावटीची. इकडच्या पावसाने वरून तांबेरा चढलाय, पण दस्ता अजून घट्ट आहे.

भरताना आत करकर आवाज येतो. दहा पावलांवरचा पत्र्याचा डबाही छऱ्याने फुटत नाही, नुसता पोचा येतो. पिस्टन ढकलून हवा दाबणारी स्प्रिंग तुटली असावी असं वाटतंय. एक चूक माझ्या हातून झाली: नळीमागच्या भोकात शिलाई मशीनचं तेल सोडलं. पुढच्या बाराला मोठा आवाज आणि निळा धूर! हवा दाबली गेली की तापते आणि तेल पेटतं, हे नंतर कळलं. तेव्हापासून बंदूक वापरलेली नाही.

पिस्टनचा वायसर चामड्याचा आहे. सायकलच्या पंपाच्या वायसरसारखा तो घरी कापून, तेलात मुरवून बसवता येईल का? चामडं किती जाड घ्यावं?

खरी भीती उघडण्याची आहे. स्प्रिंग आत दाबलेली असते, मागचा भाग सुटताच ती उसळेल. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतले एक लेथवाले काका दाबून धरायचा शिकंजा करून देतो म्हणतात, पण त्यांनी बंदूक कधी उघडलेली नाही. चापाच्या यंत्रणेतल्या तीन पोलादी गोळ्या (बेअरिंगच्या असतात तशा) परत बसवायची युक्तीही कुणी सांगाल का?

बेळगाव, निपाणी किंवा कोल्हापूरकडे हे काम जाणणारा कारागीर असेल तर जरूर सांगा. नळीचा मूळ काळा रंग न घालवता तांबेरा काढायचाय. आजोबांचा हात लागलेली वस्तू आहे, पॉलिश मारून नवी दिसायला नको.