३ डिसेंबर, गॅसकांड: इंदूरच्या मंडळात काय करावं?

तिलकनगरवाला
आमच्या मराठी मंडळात यंदा २ डिसेंबरच्या रात्री भोपाळच्या १९८४ च्या गॅसकांडात (युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी गॅस सुटला ते) गेलेल्यांसाठी काहीतरी करायचं चाललंय. भोपाळला ३ तारखेला सुट्टी असते, सर्वधर्म प्रार्थना सभा होते, आपल्याकडे इंदूरला कोणाच्या लक्षातही नसतं. कमिटीतले काका म्हणतात मेणबत्त्या, दोन मिनिटं मौन, एक भाषण, मग चहा. भाषण सुरू झालं की अर्धे लोक मोबाईल काढणार हे ठरलेलं. वर एक जण म्हणाले, भोपाळचं भोपाळवाले बघतील, आपण कशाला? काय करता येईल सांगा.

सराफा_रात्री
अरे भिया, त्यांना विचार पिथमपूर कुठे आहे, आपल्या इंदूरच्या शेजारीच ना! कार्बाइडच्या आवारात इतकी वर्षं पडलेला ३३७ टन विषारी कचरा जानेवारी २०२५ मध्ये १२ कंटेनरमध्ये भरून रातोरात तिथेच आणला ना, केवढं आंदोलन झालं, पिथमपूर बंद होतं. मग हायकोर्टाच्या आदेशाने तिथेच जाळला, जूनअखेर संपला, आणि नंतर राख कुठे पुरायची यावरून परत वाद. आता म्हणा भोपाळचं भोपाळवाले बघतील.

माहेर_भोपाळ
मी लहान होते तेव्हा. आमचं घर टीटी नगरला, वारा जुन्या शहराकडे होता म्हणून आम्ही वाचलो, नाहीतर जेपी नगर, काझी कॅम्प, छोला इथे लोक झोपेतून उठून डोळे चोळत जिकडे वाट दिसेल तिकडे पळाले. तो गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरतो, आणि पळून धाप लागली की उलट जास्त आत जातो. ओलं फडकं नाकातोंडावर धरा एवढं कोणी सांगितलं असतं तरी कितीतरी जण वाचले असते, पण सांगणार कोण, हमीदिया हॉस्पिटलात डॉक्टरांनाच माहीत नव्हतं कोणता गॅस आहे ते. कारखान्याच्या टाकीतून जवळपास ४० टन मिक (मिथाइल आयसोसायनेट, तोच गॅस) गेला, थंड ठेवणारी यंत्रणा आधीपासूनच बंद. मुलांना हे सांगा. आणि स्टेशनवरचे उपअधीक्षक गुलाम दस्तगीर, ज्यांनी वरच्या ऑर्डरची वाट न बघता गोरखपूरची खचाखच भरलेली गाडी वेळेआधी काढून दिली, त्यांची गोष्ट तर सांगाच. शाळेत कोणी सांगत नाही.

फ्लेक्सविरोधी
ताई म्हणतात ते बरोबर. फक्त एक, फ्लेक्सवर मृतांचा आकडा टाकू नका, तिथेच भांडणं लागतील. सुरुवातीचा सरकारी आकडा २,२५९, पुढे राज्य सरकारचा ३,७८७, नुकसानभरपाई दिली ५,२९५ मृत्यूंची, आणि पीडितांच्या संघटना २० हजारांच्या वर सांगतात. खरं म्हणजे फ्लेक्सच नको, फ्लेक्स आला की नगरसेवक आला, नगरसेवक आला की हार आले. आणि १९८९ ला कंपनीने सरकारशी ४७ कोटी डॉलरमध्ये प्रकरण कसं मिटवलं, २०१० ला कंपनीच्या अधिकाऱ्यांना दोन दोन वर्षांची शिक्षा होऊन लगेच जामीन कसा मिळाला, हे मोठ्यांसाठी वेगळं ठेवा, मुलं कंटाळतील.

तिलकनगरवाला
झालं मग, मेणबत्त्या राहू देतो, नाहीतर काका रुसतील, भाषण कट. गॅस मध्यरात्रीच्या सुमारास सुटला पण मुलांना तोवर जागवता येणार नाही, ९ ला ठेवतो. ताई, तुम्ही इंदूरलाच असाल तर येऊन बोलाल का? हॉल छोटा आहे, माइकची गरज नाही, आणि आमचा माइक तसाही खरखरतो.

माहेर_भोपाळ
येईन. पण मला स्टेजवर बसवू नका, मुलांमध्ये सतरंजीवर बसून बोलेन.