नदीची ओटी भरली की पाणी उतरतं, असं मानणाऱ्या घरात पुराची तयारी कशी करायची?

प्रश्न – काठावरचा

शिरोळ तालुक्यात कृष्णा-पंचगंगेच्या काठाला दर पावसाळ्यात एकच वाद होतो. पाणी शिवारात शिरलं की आयाबाया खणानारळानं नदीची ओटी भरतात, देवळात गाऱ्हाणं घातलं जातं, आणि वयस्कर मंडळी सांगतात, "ओटी भरली, आता उतरतंय बघ. पायरी ओलांडायचं नाही." मग घर सोडायची गोष्ट काढली की ती अश्रद्धा ठरते. कुणाची भक्ती मोडायची नाही. पण या विश्वासापायी हातचे तास जातात, त्याचं काय करायचं? दोन गोष्टी नेमक्या सांगा. ओटी भरल्यावर पाणी उतरतं हा अनुभव खरा वाटतो, तो का? आणि निघायचं ते नक्की कशावरून ठरवायचं?

उत्तर – पाणीपातळी

अनुभव खोटा नाही, त्याचा लावलेला अर्थ चुकीचा आहे. ओटी कधी भरतात ते बघा. नदीला नुसती फुग आली म्हणून कुणी धावत नाही. पाणी दारापाशी आलं, जीव घाबरला, की भरतात. म्हणजे पूर कळसाजवळ, त्याच्या सगळ्यात वरच्या पातळीजवळ, पोचलेला असतो तेव्हा. पूर चढताना तासाला दोन इंच चढतो, मग एक इंच, मग थबकतो, आणि मग उतरतोच. कळसाजवळ केलेल्या कुठल्याही गोष्टीनंतर पाणी उतरलेलंच दिसणार.

ज्या वर्षी ओटीनंतरही पाणी चार-पाच फूट चढलं, ते वर्ष या हिशेबात कुणी धरत नाही. 2019 ला कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली, सांगलीत आयर्विन पुलाशी कृष्णा 57 फुटांच्या वर. 2021 ला पंचगंगा पुन्हा 56 फुटांच्या आसपास. ओटीची रीत या दोन्ही वर्षी होतीच.

पाणी कशानं चढतं ते घरात समजावून सांगा, त्याचा उपयोग होतो. तुमच्या अंगणात पडणारा पाऊस इथे फारसा मोजायचा नाही. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्यांच्या उगमाकडे, म्हणजे गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी भागात पडलेलं पाणी पंचगंगेत येतं. राधानगरीला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरलं की पाण्याच्या दाबानं ते आपोआप उघडतात, एकेका दरवाजातून 1428 क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट पाणी. शिवाय शिरोळात तिसरी गोष्ट घडते: कृष्णा आधीच भरून चालली असेल तर पंचगंगेला तिच्यात शिरायला जागा मिळत नाही, आणि पंचगंगेचं पाणी मागे तुंबतं. म्हणून कोल्हापुरात पाऊस उघडला तरी कुरुंदवाड-नृसिंहवाडीकडे पाणी हलत नाही. आभाळ स्वच्छ झालं म्हणजे गाऱ्हाणं ऐकलं, असा समज याच दिवसांत होतो आणि सगळ्यात जास्त फसगतही याच दिवसांत होते.

क्युसेकचा आकडा अंगाला लागत नसेल तर असा सांगा: 1 लाख क्युसेक दिवसभर चाललं तर 8.64 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी होतं. कोयना धरणाची सगळी साठवण 105 टीएमसी. एवढं पाणी वाटेत असताना पायरीपाशी थांबण्याचं त्याला कारण नाही.

उत्तर – दक्षिणद्वार

घरात वाद घालण्याआधी नृसिंहवाडीच्या दत्तमंदिराचं उदाहरण द्या. दक्षिणद्वार सोहळा सगळ्यांना माहीत आहे: पाणी उत्तरेकडून देवळात शिरतं, पादुकांवरून वाहतं आणि दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं. लोक स्नानाला येतात, पर्व मानतात. पण त्याच देवळात पाणी वाढायला लागलं की पुजारी मंडळी उत्सवमूर्ती उचलून वरच्या बाजूला नारायणस्वामींच्या मंदिरात नेतात आणि पूजाअर्चा तिथे चालू ठेवतात. याला कुणी अश्रद्धा म्हणत नाही. देवाची मूर्ती पाण्याआधी उंचावर जाते, तर आजींनी का जाऊ नये? "देव सोडून चला" असं म्हणूच नका. देव्हाऱ्यातले टाक, फोटो एका डब्यात घाला, तो डबा आजींच्याच हातात द्या आणि निवाऱ्यात पहिल्यांदा तो मांडा. माणूस घरासाठी अडतो तसा देव्हाऱ्यासाठीही अडतो.

प्रश्नकर्ता – काठावरचा

हे पटलं, देव्हाऱ्याचं विशेष. पण निघायची खूण कोणती? 39 फूट इशारा, 43 फूट धोका हे रोज मोबाइलवर येतं. ते आकडे राजाराम बंधाऱ्याचे. आमच्या दाराशी त्याचा अर्थ काय?

उत्तर – पाणीपातळी

बरोबर प्रश्न. ते फूट तुमच्या उंबऱ्याचे नाहीत. आणि उंबरा ही खूणच चुकीची आहे. गावातून बाहेर पडायच्या रस्त्यावर जी सगळ्यात खालची मोरी किंवा पूल आहे, ती तुमची खूण. घरात पाणी यायच्या कितीतरी आधी ती बुडते. पायरी कोरडी असते आणि गावाचं बेट झालेलं असतं. "दत्तमहाराजांनी राखलं" म्हणणारी घरं नेमकी इथे अडकतात.

मोरीजवळच्या विजेच्या खांबावर किंवा झाडावर तेलरंगानं अर्ध्या-अर्ध्या फुटाच्या रेघा मारा, उन्हाळ्यातच. पाणी ज्या रेघेला लागेल तेव्हाची राजाराम बंधाऱ्याची पातळी आणि कृष्णेची नृसिंहवाडीची पातळी, दोन्ही वहीत लिहा. एकट्या राजारामवर विसंबू नका, पाणी तुंबल्यामुळे एकाच आकड्याला दोन वर्षांत वेगळं पाणी येतं. 2005 ची रेघ भिंतीवर आहे म्हणून त्याच्या वर येणार नाही असं धरणाऱ्यांना 2019 ला सांगलीत किंमत मोजावी लागली.

हिशेब असा: मोरीची कड पाण्यापासून 3 फूट वर आहे, पाणी तासाला 2 इंच चढतंय, म्हणजे 18 तास. माणसं, जनावरं, सामान हलवायला 6 तास लागत असतील तर तुमच्याकडे 12 तास उरतात. त्यातून रात्र वजा करा. अंधारात म्हैस वाहत्या पाण्यात पाय टाकत नाही, आणि रस्त्याची कड दिसत नाही. गुडघाभर वाहतं पाणी माणसाला पाडतं, फूट-दोन फूट वाहतं पाणी गाडी ओढून नेतं. म्हणजे दुपारी तीन वाजता हिशेब "पहाटेपर्यंत वेळ आहे" म्हणत असेल, तर निघायची वेळ दुपारी तीनच आहे.

उशीर केल्यावर काय होतं ते पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला 8 ऑगस्ट 2019 रोजी दिसलं. नावेत क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसली, नाव उलटली, जीव गेले. शेवटच्या नावेला सगळं गाव लोटतं ते आधीचे दोन दिवस थांबून काढल्यामुळे.

उत्तर – गोठा

क्रम बदला, जनावरं सगळ्यात आधी. पाहुण्यांच्या गावी किंवा छावणीत माणसांच्या एक दिवस आधी पोचवा. कानातल्या बिल्ल्याचे नंबर वहीत उतरवा आणि प्रत्येक जनावराचा फोटो काढा, पंचनाम्यात हेच विचारतात. काही कारणानं राहिलीच तर दावं सोडा. खुंट्याला बांधलेलं जनावर जागेवर बुडतं, सुटलेलं उंचवटा शोधतं. घटसर्प आणि फऱ्याची लस मेअखेर झालेली असावी, पुरात देऊन फायदा होत नाही.

घरातलं: मेन स्विच पाणी यायच्या आधी बंद, ओल्या हातानं नाही. गॅसचा रेग्युलेटर काढा आणि टाकी खिडकीच्या गजाला दोरीनं बांधा. भरलेली टाकीसुद्धा तरंगते, तिचं वजन 30 किलोच्या आसपास असतं आणि ती बाजूला सारते ते पाणी त्याहून जड. सातबारा, रेशनकार्ड, पासबुक दोन पिशव्यांत, तोंडाला गाठ मारून. अडकलात तर जिल्हा नियंत्रण कक्षाचा 1077 किंवा 112.

उत्तर – विहीर आणि आड

पूर उतरल्यावर नदीची पूजा करून त्याच दिवशी आडाचं पाणी प्यायला सुरुवात करतात, तिथे जुलाब-काविळीची साथ सुरू होते. "गंगामाईचं पाणी" म्हणून ते शुद्ध होत नाही, त्यात गावभरच्या शौचालयांच्या टाक्या मिसळलेल्या असतात.

आधी गाळ उपसा. मग नव्यानं भरलेलं पाणी मोजा: व्यास × व्यास × पाण्याची खोली × 3.14 ÷ 4, मीटरमध्ये, गुणिले 1000 म्हणजे लिटर. 3 मीटर व्यास, 5 मीटर पाणी म्हणजे साधारण 35,000 लिटर. 1000 लिटरला 2.5 ग्रॅम ब्लिचिंग पावडर, म्हणजे 88 ग्रॅम. पुरानंतर दुप्पट धरा, 175 ग्रॅम. एका बादलीत 100 ग्रॅमपेक्षा जास्त नको, म्हणजे इथे दोन बादल्या. पावडर आधी थोड्या पाण्यात कालवून लगदा करा, मग बादली पाऊण भरा, दहा मिनिटं राहू द्या. खाली चुना बसतो, तो ओतू नका. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती पाण्याखाली सोडा आणि वर-खाली हलवा. एक तास कुणी पाणी उपसायचं नाही.

बहुतेक ठिकाणी चुकतं ते पावडरीत. तोंड उघडं राहिलेल्या पोत्यातला क्लोरीन उडून जातो आणि पांढरा चुना तेवढा उरतो, तो कितीही टाका. म्हणून तासाभरानं ग्रामपंचायतीच्या पाणी कर्मचाऱ्याकडून ओटी (ऑर्थोटोलिडीन) टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन आहे का ते बघणारी चाचणी, करून घ्या. नळीतलं पाणी पिवळं झालं नाही तर तेच पाणी उकळूनच प्यायचं, खळखळ उकळी आल्यावर निदान एक मिनिट.